धाकट्या जावयासाठी घासलेलं हेड

२४ मे, रविवार
औशाला सासरी धोंड्याचं जेवण. अधिक महिना, दोन्ही जावई एका ओळीत. थोरला मी. तरी सासूबाईंनी पहिलं ताट ठेवलं श्रीनाथपुढे. का? तर त्याने गेल्या वर्षी नांदेडला मोटरसायकलची ड्रॅग रेस जिंकली. चारशे मीटर सरळ पळायचं, बस. वळणसुद्धा नाही. मी लातुरात इतकी वर्षं फिजिक्स शिकवतोय, त्याचं काही नाही.
वर श्रीनाथ म्हणतो, "साडूभाऊ, तुमची गाडी अजून चालून राहिली? म्युझियमवाले मागत नाहीत का?" सगळे हसले. मीही हसलो. मोठ्या मनाने.
जूनमध्ये लातूरजवळच रेस आहे, तो उतरणार आहे. मीही नाव दिलं. सूड वगैरे क्षुद्र गोष्टी मी करत नाही. फक्त त्याची मान खाली गेलेली बघायची आहे.

२५ मे
अभ्यास केला. इंजिनाची सगळी ताकद त्याच्या डोक्यात, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये. हवा-पेट्रोल आत येण्याची वाट रुंद करायची. व्हॉल्व मोठे टाकायचे. हेडची खालची बाजू घासायची, की आतली जागा कमी होते, दाब वाढतो. अकरावीचं फिजिक्स. खर्च किरकोळ.

२७ मे
भीमाशंकर मिस्त्रीच्या लेथवर गेलो. खर्च किरकोळ नाही. व्हॉल्व पुण्याहून मागवणार, त्यांच्या सीट नवीन, गाइड नवीन, हेड घासायचे, म्हणजे फेसिंगचे, वेगळे. म्हणाला, "सर, एवढ्यात दुसरी गाडी येते की." मी म्हणालो, प्रश्न गाडीचा नाही, तत्त्वाचा आहे. म्हणाला, "मग तत्त्वाचा ॲडव्हान्स द्या."

२८ मे
धोंड्याला मिळालेली अंगठी मोडली. सासऱ्यांच्याच सोन्याने सासऱ्यांच्या लाडक्याला हरवायचं. यात एक सौंदर्य आहे. बायकोला, आरतीला, योग्य वेळी सांगेन.

३१ मे, दुपार
पैसे वाचावेत म्हणून आतली वाट मीच रुंद करतोय. गच्चीवर, हँड ग्राइंडरने. ॲल्युमिनियमचा भुसा बारीक निघतो, लांब उडतो. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आरती म्हणाली, "आता पाहुणे आले की तुमचं हेडच तळून वाढते."

संध्याकाळ
आरतीने माझ्या रिकाम्या बोटाकडे पाहिलं. योग्य वेळ आली. सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आईचे गुडघे गेलेत. श्रीनाथ स्वयंपाकघराच्या दाराशी बसला होता. जवळ होता त्याला आधी वाढलं."
बायका माहेरची बाजू घेणारच.

८ जून
भीमाशंकरने व्हॉल्व बसवून, फेसिंग करून हेड दिलं. वर तंबी: "आता हात लावू नका, सर. लिमिटला आलंय."
लिमिट मी शिकवतो. हा मला सांगणार.

९ जून
मेहुणी श्रद्धाने फोनवर फोटो पाठवला. तिचा नवरा श्रीनाथ, हातात गेल्या वर्षीचा कप. खाली लिहिलंय, "दाजी, तुम्ही पण या ना बघायला."
बघायला!
जाड काच आणली, वर पॉलिश पेपर चिकटवला, हेड आणखी थोडं घासलं. एकेका घासणीला त्याचं नाव घेतलं. मग हात थांबेना.

११ जून
गाडी सुरू झाली! शेजारच्या लक्ष्मम्मा बाहेर आल्या. "सर, गिरणी टाकली की काय?" थोडी टकटक येते. ताकदीची असणार. जोरात पळवून पाहिली नाही. सगळा जोर श्रीनाथसाठी राखून ठेवलाय.

१४ जून, सकाळ
आज. रेस संपली की दोघा जावयांनी औशालाच जायचं आहे, सासूबाईंनी जेवायला बोलावलंय. बायका पुढे गेल्या. पराभूत माणसाशी जेवताना कसं बोलायचं, ते मनात ठरवून ठेवलंय. सौम्यच बोलेन.

१४ जून, रात्री
झेंडा पडला. मी श्रीनाथच्या आधी सुटलो. हे लिहून ठेवणं आवश्यक आहे.
ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला. खट्ट. मग खडखड, मग शांतता. मोठे व्हॉल्व, घासलेलं हेड. वर येणाऱ्या पिस्टनला जागाच उरली नव्हती. व्हॉल्व वाकले, पिस्टन फुटला.
श्रीनाथ बराच पुढे गेला होता. आवाज ऐकून अर्ध्यात थांबला, रेस सोडून धावत माघारी आला. "साडूभाऊ, लागलं का कुठं? काय करून राहिले तुम्ही! मला एक फोन करायचा की हो, माझं जुनं हेड पडूनच होतं घरी."
म्हणजे चारशे मीटर त्यानेही पार केले नाहीत. तांत्रिकदृष्ट्या बरोबरी.
त्याने माझी गाडी टेम्पोत चढवली आणि मला आपल्या मागे बसवलं. म्हणाला, "धरा मला नीट." धरलं. औशापर्यंत सायकलच्या वेगाने नेली. खताचा ट्रॅक्टर हॉर्न देऊन पुढे गेला. मी म्हणालो, जरा जोरात घ्या की. म्हणाला, "नको, तुम्हाला सवय न्हाई."
आवाज ऐकून सासरचे सगळे दारात येऊन उभे होते. गाडी थांबली तरी त्याची कंबर सोडायचं माझ्या लक्षात आलं नाही.