खरवडलेल्या अकरा सह्या

आप्पा, दाढीचं अर्धं ब्लेड तुम्ही पुस्तकांच्या पेटीत कागदात गुंडाळून ठेवायचात. जुनं पुस्तक हाती आलं की पहिलं काम तेच. पहिल्या पानावरचं जुन्या मालकाचं नाव हलक्या हातानं खरवडायचं, वरून नखानं कागद घोटायचा, मगच पुस्तक गोणपाटावर मांडायचं. "कुणाच्या घरात काय झालं म्हणून पुस्तक रस्त्यावर आलं, आपल्याला ठावं न्हाई," तुम्ही म्हणायचात. "त्याचं नाव बाजारात मांडू नये." माणसाच्या अब्रूबद्दल मी आजवर किती व्यासपीठांवरून ओरडले, किती ग्रंथ वाचून ओरडले, इतकं साधं वाक्य मला जमलं नाही.

दौंड स्टेशनबाहेरच्या त्या भिंतीकडेला जूनमध्ये शाळेची पुस्तकं हातोहात जायची आणि दिवाळीनंतर दिवसदिवस कुणी पान उलटायचं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, अशाच एका मंद दुपारी तो माणूस आला. कॉलेज सुटल्यावर मी तुमचा डबा घेऊन आले होते. पांढरी गाडी समोर लावून त्यानं आधी दोन कादंबऱ्या चाळल्या, मग त्याच सकाळी रद्दीतून आलेली, अजून पेटीवरच पडलेली क्रिकेटची एक स्मरणिका उचलली. मुखपृष्ठ गेलेलं, पहिल्या कोऱ्या पानावर शाईनं केलेल्या वेड्यावाकड्या अकरा सह्या. त्या पानावर तो जरा जास्तच थांबला. मग जांभई देऊन स्मरणिका खाली टाकली. "ठेवा बाजूला. उद्या बघू." भाव वाढू नये म्हणून तो आपली हाव लपवत होता, हे आपल्याला कुठलं कळायला? तुम्ही कुस्तीचे, क्रिकेटला "उन्हात उभं राह्याचा धंदा" म्हणणारे. गिऱ्हाईक उद्या येणार म्हणून त्याच संध्याकाळी तुम्ही ब्लेड काढलंत. "अकरा जणांनी नावं घातलीत. लई मोठं खटलं दिसतंय!" म्हणून हसलात. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी तो दोघांना घेऊन आला. पान उघडलं आणि त्याच्या तोंडाचा रंगच बदलला. "सह्या कुठंयत?"

"साफ केल्या की. तुमच्यासाठीच."

"आप्पा, वेड पांघरू नका. जुन्या नामांकित संघाच्या सह्या होत्या त्या. खरं पान काढून हे कुणी चिकटवलं? कुणाला विकलंत?"

"पान तेच हाय, साहेब. हात लावून बघा, खरवड लागंल."

त्यानं हात लावला नाही. "आठवेल तेव्हा सांगा. आमची माणसं येत राहतील," एवढंच शांतपणे म्हणाला.

ती येत राहिली. समोरच्या चहाच्या टपरीवर दोघे उभे असतात, चहा पितात, तुमच्याकडे बघतात, जातात. तुम्ही शिरूरच्या आठवडे बाजारात गोणपाट टाकता. तिथंही मेथीच्या जुड्यांपलीकडे तेच दोघे. एक जण येऊन पुस्तक उचलतो, "आठवलं का, आप्पा?" विचारतो, पुस्तक होतं तिथंच नीट ठेवतो. त्याच्या बोलण्यापेक्षा त्या नीट ठेवण्याची मला जास्त भीती वाटायची. मग एका सकाळी दौंडच्या पेटीचं कुलूप तुटलेलं. एकही पुस्तक चोरीला गेलं नव्हतं. सगळ्यांवर रॉकेल ओतलं होतं आणि वर, मधोमध, न पेटवलेली एक काडी. पोलिसांत चला म्हणून मी तावातावानं बोलत होते. तुम्ही म्हणालात, "काय सांगू, पोरी? वास येतोय म्हणून?" आणि पुस्तकं उन्हात पसरलीत. वास गेला नाही. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून पुढं जायचं. तरी शेवटपर्यंत तुम्ही त्याच भिंतीपाशी बसलात आणि प्रत्येक नाव खरवडत राहिलात.

तुम्हाला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. ते पान माझ्याकडे आहे. खिडकीजवळ तिरपं धरलं की निबाचे वळ अजून दिसतात. भाषणात मी हे सगळं सांगते, मूठ आपटून सांगते की माझा बाप जागचा हलला नाही. टाळ्या पडतात. पण मंडपामागे पांढरी गाडी थांबली की माझं वाक्य तुटतं, आणि मी माईकला दोष देते.

हा कागद त्याच पानात घडी करून ठेवते आहे. खाली नाव घातलेलं नाही. तुमच्या ब्लेडचा मान राखला, असं कुणालाही सांगता येईल. खरं म्हणजे, आप्पा, ते दोघे अजून कुठंतरी चहा पीत उभे असतील, असं मला वाटतं.