उजव्या कानाचा प्लेअर

अमरावती,
रविवार, सकाळ

प्रिय कुंदन,

काल तू अकोल्याहून फोनवर जे बोलला, त्यातलं अर्धं मले ऐकू आलं अन् उरलेलं समजलं. ताईचा डावा कान गेला, आता त्या कॉम्प्युटरचं अन् महागाच्या हेडफोनचं काय काम, खुशीच्या अभ्यासाले देऊन टाक. असंच ना? नाही देत, जा! तुह्या पोरीले पाहिजे असंल तर मी दुसरा घेऊन देईन, पण हा माह्या टेबलावरून हलणार नाही. फोनवर आता धड भांडताही येत नाही मले, म्हणून लिहून भांडून राहिली.

तुह्या भाऊजींचंही तेच पालुपद. गाणं ते गाणं, कशावरही लाव, काय फरक पडते म्हणतात. फरक पडते! मोझरीले बाबांच्या मंडळाचं खंजिरी भजन मी रेकॉर्ड केलं होतं, आठवते ना? झेंडूच्या पोत्यांवर बसून टेम्पोतून गेलो होतो आपण, अन् बाबांच्या डाव्या-उजव्या बाजूले एकेक माइक लावताना मंडळातले सगळे हसत होते मले. बाबा गेल्यावर तेवढंच राहिलं आपल्याजवळ. तेच भजन यंदा मी तीन प्लेअरवर लावून पाहिलं. रेकॉर्डिंग तेच, हेडफोन तोच, फक्त वाजवणारं सॉफ्टवेअर बदललं.

पहिला दिसाले लय देखणा. मोठी चित्रं, नाचणारे रंग. पण त्याच्यातल्या एका सेटिंगनं सगळे आवाज एका मापात येत. बाबा पहिली ओळ किती हळू धरत अन् मंग मंडळ कसं तुटून पडे, सांग बरं? त्याच्यात दोन्ही सारखंच. दुसऱ्याची गंमत तं अजून न्यारी. आपल्या मंडळाची रीत तुले माहीत आहे, एक भजन संपलं तरी खंजिरी थांबत नाही, त्याच ठेक्यावर बाबा पुढचं उचलत. तू ते रेकॉर्डिंग एकेक भजन कापून पेनड्राइव्हमधी भरलं होतं. हा प्लेअर दर जोडावर आवाज बारीक करून पुढच्यात मिसळवे, अन् बाबांचा ठेका नेमका तिथंच बुडे. किती दिवस मले वाटे, बाबा थकले असतील त्या दिवशी. बाबा अन् थकतात! ते मिसळवायचं बटन मीच दाबून ठेवलं होतं, बावळट कुठची.

तिसरा दिसाले सरकारी कपाटासारखा, करडा अन् कोरा. पण फाइलमधी जे आहे ते जसंच्या तसं हेडफोनपर्यंत नेते, मधी कॉम्प्युटरचा दुसरा कोणताही आवाज घुसू देत नाही, अन् दोन भजनांच्या मधी जराही फट ठेवत नाही. खंजिरीचं चामडं वेगळं ऐकू येते, चकत्या वेगळ्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाक सोडून रडत बसली होती, भाजी करपली, अन् तुह्या भाऊजींनी मुकाट्यानं करपलेलीच खाल्ली.

इंटरनेटवर या विषयातले मोठमोठे जाणकार आहेत. त्यांचा नियम एकच, आवाजाले हात लावायचा नाही, जसा आहे तसाच ऐकायचा. मी लावला हात. डाव्या कानात आता काहीच पोचत नाही, अन् उजव्याचीही हमी देत नाही म्हणून डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. मंग मी काय अर्धंच भजन ऐकू? त्याच तिसऱ्या प्लेअरमधी दोन्ही बाजू एक करायची सोय आहे. डावीकडचं सगळं मी उजवीकडं ओतलं. जाणकारांले बोंबलू दे, त्यांचे दोन्ही कान शाबूत आहेत.

अन् तेव्हा कुंदन, तू ऐकू आला मले. बाबांच्या डाव्या बाजूले बसून त्यांची ओळ उचलणारा, वरच्या पट्टीत बिनधास्त जाणारा तू. माहा कान हळूहळू गेला, तसा तूही हळूहळू त्या भजनातून निघून गेला होता, अन् मले पत्ताही लागला नाही. वर्षभर मी तुह्याशिवाय ऐकत बसली होती. बाबा गेल्यापासून तू खंजिरीले हात लावत नाही, माह्या गळ्यात काही नाही म्हणून लोकांले सांगत फिरते. खोटारडा! मी ऐकलं आहे तुह्या गळ्यात काय आहे ते. हा उजवा कान आहे तोवर मले तुहं भजन ऐकायचं आहे, मोझरीचं जुनं नाही, आत्ताचं, माह्यासमोर बसून म्हटलेलं. कॉम्प्युटर न्यायले येत असशील तर पाऊल ठेवू नको घरात. खंजिरी घेऊन ये. माह्या उजव्या बाजूले बस, अन् मोठ्यानं म्हण.

तुहीच, अजून ऐकू येणारी,
रागिणीताई