बुटातला खिळा

५ मार्च, दुपार

प्रिय धाकट्या,

तुला आणि सूनबाईला आशीर्वाद. मी बरी आहे. दोन वेळा जेवते, झोपही लागते. दुकानाचं दार परवा रंगवून घेतलं.

तुझे बाबा जाऊन महिना झाला. त्या दिवशी तू दारात मामाला म्हणालास, "शेवटी दारूनेच नेलं." मी ऐकलं. तेव्हा बोलायचं बळ नव्हतं, म्हणून हे पत्र.

दारूने नेलं नाही, हृदय बंद पडलं. दारू सोडून त्यांना तीन वर्षं नि चार महिने झाले होते.

तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला जिन्यात ते अडखळले, तेव्हा तू चारचौघांत म्हणालास, "बाबा, निदान आज तरी." घरी आल्यावर म्हणाले, "त्याचं काय चुकलं? लहानपणापासून त्याने हेच पाहिलंय."

तेव्हा ते दारू सोडण्याची गोळी घेत होते. रोज सकाळी सातला माझ्यापुढे तळहात धरायचे, मी गोळी ठेवली की माझ्यादेखत गिळायचे. अट त्यांचीच. "माझा माझ्यावर भरवसा नाही, तुझ्यावर आहे," म्हणायचे.

जिन्यानंतर आठवड्याने त्यांचा पायमोजा रक्ताने भिजलेला दिसला. जन्मभर लोकांच्या बुटातले खिळे चाचपून काढणारा माणूस स्वतःच्या बुटातल्या खिळ्यावर दिवसभर चालला होता आणि त्याला पत्ता नव्हता. डॉक्टरांनी तपासलं. गोळीमुळे पायांच्या नसा बधिर झाल्या होत्या. गोळी त्याच दिवशी बंद केली.

आता खरं सांगते. गोळीच्या खोक्यातला कागद मी दोन महिने आधीच वाचला होता. पायांना मुंग्या आल्या तर लगेच डॉक्टरांना सांगा, असं त्यात होतं. मुंग्या येतात हे ते मला रोज सांगत होते. मी कागद साखरेच्या डब्याखाली सरकवला. वाटलं, पाय गेले तरी चालेल, बाटली परत नको. आणि त्या जिन्यात कॉलर नीट करायच्या निमित्ताने मीही त्यांच्या तोंडाचा वास घेतला होता.

हे सगळं मी त्याच रात्री त्यांना सांगितलं. त्यांनी डब्याखालचा कागद काढून पाहिला. मग म्हणाले, "एवढी बारीक अक्षरं तू वाचलीस? मला वाटायचं, नुसती चित्रं बघतेस."

दुसऱ्या दिवशी सातला हात पुढे.

"गोळी बंद आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. तुझा हात तर ठेव."

मी ठेवला. ते पेलाभर पाणी प्यायले. शेवटच्या सकाळपर्यंत रोज हेच. पाय पुरते सुधारले नाहीत. काठी आली, रस्त्यात पडले, लोक हसले. दारूच्या थेंबाला शिवले नाहीत.

सोबत बूट पाठवते. तुझ्या मापाचे, त्यांनी शिवलेले शेवटचे. त्यांच्या बोटांनाही पहिल्यासारखं कळत नव्हतं, म्हणून आतून हात मला फिरवायला लावला. मी दोनदा फिरवलाय. कुठे टोचत नाही. घालून ये.

शुद्धीत गेलेल्या माणसाची बायको,
तुझी आई