नदीपलीकडची सहा शून्यं

गडचिरोलीकडचा कॅम्प
२ सप्टेंबर २०२४

ती. ललिताताईस सा. न. वि. वि.

तू पुन्हा तेच लिहिलं. नितेश नववीतून पळाला, वांग्याच्या वावरातून पळाला, आता जंगलातूनही पळेल. पळायचंच असतं तर वर्षभर इथला चिखल काहून तुडवला असता? इथं मोबाईलले रेंज नाही, म्हणून डाकेनं भांडून राहिलो.

माझं काम म्हणजे बारा गावं फिरायची, ताप असेल त्याच्या बोटाचं रक्त तपासायचं आणि दर आठवड्याले आकडा भरायचा. नागपूरले वर्षाली मॅडम ते आकडे कम्प्युटरमध्ये टाकतात. मच्छरदाण्या सगळ्या गावांले पुरत नाहीत. पाऊस, ताप, वस्ती सारं जोडून पुढं मलेरिया कुठं भडकेल याचा हिशोब निघतो, आणि मच्छरदाण्या तिथं जातात. मॅडम त्याले मॉडेल म्हणतात.

आता खरं सांगतो, बाबाले सांगू नको. नदीपलीकडं पेंढरटोला आहे. सहा आठवडे मी तिकडं गेलोच नाही. पूर होता, पण दोनदा उतारही मिळाला होता. तवा कंटाळा केला. जाणं झालं नाही तर रकाना कोरा सोडा, असं शिकवलं होतं. पण कोरा पाहून म्हणतील, पोट्टा फिरला नाही. म्हणून शून्य भरलं. सहाच्या सहा वेळा. काल मच्छरदाण्यांची यादी आली, तर पेंढरटोल्याचं नाव कापलेलं. आणि तिथून बाजाराले आलेला माणूस म्हणे, घरोघरी थंडीताप आहे.

सांगितलं तर नोकरी जाते. नाही सांगितलं तर झोप येत नाही. लय थकलो, ताई.

तुझा भांडखोर भाऊ,
नितेश

भातकुली
१२ सप्टेंबर २०२४

चि. नितेश यास अ. उ. आ.

महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या चिरताना तुझंच पत्र डोक्यात होतं. बाबांनी ते माझ्या हातातून ओढून वाचलं. लपवालपवी मले जमत नाही, ती हुशारी तुझ्याच वाट्याले आली. बाबा एवढंच म्हणाले, फवारा न मारता मारला म्हटलं तं अळी ऐकते का? मग उठले, जेवले नाहीत.

तुझं मॉडेल मले समजत नाही. पण तू सांगशील तेवढंच त्याले माहीत, एवढं समजलं. पळपुटा हा शब्द मी मागं घेते, पण तू सांगितल्यावर. नोकरी गेली तर घरी ये. भेंडी तोडायले माणूस मिळून नाही राहिला. पत्र हाती पडेल त्याच दिवशी मॅडमले सांग, उत्तर लिहीत बसू नको.

माया होती तेवढीच आहे, रागानं कमी झाली नाही.
ललिता

गडचिरोलीकडचा कॅम्प
२९ सप्टेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र भेटलं त्याच दिवशी रेंजच्या गावी जाऊन मॅडमले फोन केला. त्या आपल्याच वऱ्हाडातल्या, बाळापूरच्या. वाटलं, शिव्या देतील. त्यांनी आधी वही उघडायले लावली. मग विचारलं, बाकीच्या अकरा गावांची शून्यं तरी खरी आहेत का? ताई, त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. वहीतला एकेक आठवडा त्यांनी वाचून घेतला. खरं होतं तेही सांगताना माझा आवाज मलेच खोटा वाटला.

ते सहा रकाने त्यांनी कोरे केले. कोरं असलं की मशीन शेजारच्या गावांवरून अंदाज धरते. पेंढरटोला यादीत वर आला. पण मच्छरदाण्या तेवढ्याच, त्यामुळं टेकडीपलीकडचं एक गाव खाली गेलं. तिथंही मीच फिरतो. मॅडम म्हणाल्या, त्या गावच्या जुन्या मच्छरदाण्या धड आहेत, डिसेंबरपर्यंत निभेल. निभो.

बावीस तारखेले मी आणि दवाखान्यातले दोघं, असे तिघं नदी उतरून गेलो. सत्तावन्न माणसं तपासली, एकोणीस जणांले मलेरिया निघाला. एका लहान पोरीले खाटेवर टाकून नदीच्या अलीकडं आणलं. दवाखान्यात आहे, वाचेल म्हणतात. तिच्या आईनं विचारलं, इतके दिवस काहून नाही आला? पूर होता, म्हटलं. हेही अर्धंच खरं. बाकीचं अर्धं अजून सांगता आलं नाही.

नोकरी राहिली, कारण या नदीत उतरायले दुसरा कोणी तयार नाही. बाबाले नमस्कार सांग, आणि जेवत जा म्हणावं. माझ्यावर रुसवा धरू नको. सहा आठवड्यांचा फिरती भत्ता कापला, तो कापायलेच पाहिजे होता. उरले त्यातून पाठवून राहिलो, आठशे रुपये.