चोकच्या मुठीवरचं सूत

ताडकळस
९ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सिद्धोधनचा सविनय जयभीम, वि. वि.

काल सकाळी वंदना झाल्यावर मी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे हसायचं तेवढं हसून घेशील. व्हॅन सुरू केली, मागं गेलो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरून उकिडवा बसलो. रुमाल काळा झाला, पण कोरडा. तेलाचा डाग एकही नाही. वास मात्र कच्च्या पेट्रोलचा, डोळे चुरचुरावेत इतका. रेणुका दारात उभी होती. गाडीची नाडी बघायलात का, म्हणाली.

पिंकी बाळंतपणाला आली आहे. नववा लागला. मागच्या आठवड्यात तपासणीला परभणीला नेताना वासानं तिला दोनदा उलटी झाली. बाबा, तुमच्या गाडीत बसलं की पंपावर बसल्यासारखं वाटतं, म्हणाली. जावईबापू धम्मानंद नांदेडहून रोज फोन करतात की ती गाडी काढून टाका, वेळेला जीपवाल्याला सांगून ठेवा. भागवत मिस्त्रीनं प्लग बदलले, हवेचं फिल्टर बदललं आणि आता इंजिन बसलंय म्हणतो. २० तारखेला ओढून न्यायला येणार, सुटे भाग तरी कामाला येतील म्हणून. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

अक्का, त्या जीपवाल्याच्या दारात मी एकदा उभा राहिलो आहे. पिंकीच्याच वेळी. रेणुकाला कळा सुरू होत्या आणि त्यानं सांगितलं की सीटला कालच नवी कव्हरं घातलीत, तुमच्या वस्तीतल्या बाईला कसं बसवू. बैलगाडीतून नेलं आपण तिला. पिंकी बारा वर्षांची असताना ही जुनी व्हॅन घेतली ती त्या दारात पुन्हा जायचं नाही म्हणून, त्यालाही आता बारा वर्षं झाली. आईनं पहिल्या दिवशी, रक्षण व्हावं म्हणून, विहारातल्या परित्राण पाठाचं सूत चोकच्या मुठीमागं गुंडाळलं. दर वैशाख पौर्णिमेला मी त्यावर नवं चढवतो, ती गेल्यावरही. रोज त्याला हात लावूनच गाडी सुरू करतो.

गाडी द्यायची नाही, हे मनात पक्कं आहे. पण पोरीला या वासात कोंडून कसं नेऊ, ते तू सांग. भाऊजींना जयभीम. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
सिद्धोधन


सोनपेठ
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सिधूस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

हसले, आणि मग रुमालाची कीव आली. फोन केला असता, पण फोनवर तू हो हो म्हणतोस आणि मनातलंच करतोस. कागद निदान दोनदा वाचतोस.

तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, त्या हक्कानं सांगते. इंजिन बसून तेल जळत असतं तर रुमाल तेलकट झाला असता. भागवतला विचार, बसलं ते कशावरून? न जळलेलं पेट्रोल बाहेर येतंय, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय. चुलीत लाकडं कोंबल्यावर धूर होतो, तसंच. फिल्टर नवं आहे. मग हवा अडवणारं दुसरं काय राहिलं? चोक. थंड गाडी सुरू व्हावी म्हणून मूठ ओढली की हवेची वाट झाकली जाते, आणि गाडी तापली की ती मूठ पार आत ढकलावी लागते. तुझी मूठ पार आत जाते का रे? तुझ्या पत्रात एकच जागा अशी दिसली, जिथं बारा वर्षं भर पडत गेली आणि काढलं काहीच नाही.

जीपवाल्याकडे जायचं नाही. त्या बैलगाडीत रेणुकाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मीही विसरलेले नाही. पिंकीला तिळाचे लाडू पाठवते. रागावलास तरी चालेल, पण लिहीत जा.

तुझी,
सत्यशीला अक्का


परभणी
२१ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सविनय जयभीम.

तुझं पत्र चारदा वाचलं. मूठ बोटानं दाबून बघितली. पार आत जात नव्हती, बोटभर बाहेरच अडत होती. मागं सुताची गुंडी, धुळीनं काळी, दगडासारखी घट्ट. वास दरवर्षी का वाढला ते कळलं. मीच दरवर्षी वाढवला.

तरी दोन दिवस हात चालला नाही. सगळ्यात आत आईचा फेरा होता. विहारात जाऊन बसलो, कुणाला काही विचारलं नाही. बसल्या बसल्या वाटलं की आईनं सूत बांधलं ते आपली माणसं सुखरूप जावीत म्हणून. त्याच सुतानं तिच्या नातीला ओकाऱ्या याव्यात, हे तिला चाललं नसतं.

काल भागवत दोर घेऊन आला. जावईबापूही आले होते, जीपवाल्याचा नंबर खिशात घेऊन. दोघांसमोर मी ब्लेडनं एकेक फेरा कापला. आईचा तेवढा उलगडून काढला. मूठ खट्कन आत गेली. पूर्णेपर्यंत जाऊन आलो आणि दुसरा रुमाल धरला. जरासा करडा झाला, वास नाही. काळे झालेले प्लग भागवतनं पुन्हा पुसून बसवले. मान खाली घालून म्हणाला, मुठीकडं माझं ध्यानच गेलं न्हाई काका. मी म्हटलं, मी तर रोज तिला हात लावत होतो. जावईबापूंनी तरीही नंबर काढला, तेव्हा एवढंच बोललो, "ठेवा तो खिशात. माझ्या लेकीसाठी त्या दारात आता कुणी जाणार न्हाई."

आज सकाळी कळा सुरू झाल्या. हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. मुलगा की मुलगी विचारू नकोस, पिंकी अजून आतच आहे. तिच्या मनगटाला आईचं सूत आहे. तुझी माया कमी कधी होती, की आता वाढव म्हणू? वाट वाकडी न करता, काचा बंद ठेवून, जीपवाल्याच्या दारावरूनच आणलं तिला, आपल्या गाडीतून. गाडी मी चालवली.

तुझा,
सिधू