गजऱ्याची गाठ

पोशीर, २८ मे १९८५

ती. मैनाताईस,

आढीतला एकेक आंबा काढून अंगठ्यानं दाबून बघत होतो, तसाच हात पुसून लिहायला बसलो. सुतक आहे म्हणून नमस्कार लिहीत नाही. तू चौकला नीट पोचलीस, भावजींचा खोकला कमी आहे, हे भिवाजीकडून कळलं. शकू बरी आहे. जेवते.

परसातला आपला आंबा कधीच पिकत नाही, म्हणून तर मी त्याच्यावर प्रबंध लिहायला घेतला. पिकवणारं जनुक त्याच्यात आहे, फक्त बंद आहे. औषध दिलं की ते उघडतं आणि फळातल्या पिठाची साखर होते, असं मला दाखवायचं होतं. औषधात बुडवलेल्या फळांना मी नंबराच्या चिठ्ठ्या बांधायचो, आढीत ठेवायचो आणि मुंबईला जायचो. राखण आईची.

"पिकलं तर काय रं होईल?"

"मी डॉक्टर होईन."

"सुई मारनारा?"

"नाय गं. आंब्याचा."

"मंग पिकंल. न पिकून जातंय कुठं?"

गेल्या वर्षी पिकले. प्रयोगशाळेत साखर मोजली, आलेख काढला. सर खूश झाले.

माझी गाठ साधी असते. त्या पिकलेल्या फळांच्या देठांवर चिठ्ठ्यांना गजऱ्याची गाठ होती. नेरळ स्टेशनावर विकायचे गजरे आई बांधायची, तशी. गोदूबाईच्या बांधावरचा आंबा आपल्याच कोयीचा, फळ दिसायला तसंच, पण पिकणारं. मला तेव्हाच कळलं होतं, ताई. मी कात्रीनं दोरे कापले आणि गप्प बसलो.

यंदा आई तापानं पडून होती. आढी उघडली तर सगळी फळं हिरवी. येत्या सोमवारी प्रबंध द्यायचा आहे. मी तिच्या अंथरुणाशी उभा राहून म्हणालो, "गेल्या वर्षी पिकले ना? मग यंदा काय झालं?" ठाऊक असून म्हणालो.

"पिकतील रं. दोन दिस थांब."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती मला गोदूबाईच्या बांधावर पडलेली सापडली. लोक म्हणतात, तापात म्हातारीला आंबा खावासा वाटला. तूही तेच धरलंस. घरात सून असून सासूला एक आंबा कुणी आणून दिला नाही, असं शकूला सगळ्यांदेखत बोललीस. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मी तिथेच होतो.

आईच्या पदरात दोन पिकले आंबे होते आणि माझ्या दोन चिठ्ठ्या. एक बांधून झाली होती. चिठ्ठ्या मी कुणी यायच्या आत खिशात घातल्या.

गेल्या वर्षीचे आकडे खोटे आहेत, असं सरांना लिहिलंय. पाकीट अजून चिकटवलेलं नाही.

शकूशी बोल. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

नामा

ता. क. बुधवार, सकाळ. सरांचं पत्र नेरळला पेटीत टाकून आलो. आढीतले राहिलेले आंबे बघितले. हिरवेच आहेत.