मी भरलेला रकाना

प्रिय बेनी,

आज बारावा दिवस. म्हणजे आमच्या पोथीप्रमाणे. तुमच्यात सातव्या दिवशीच सुतकातून उठतात, हे मला हन्नानं आत्ता सांगितलं, आणि मी आपला एकटाच बाराव्याची वाट पाहत बसलेला! पंचवीस वर्षं संस्कृत घोकलं आणि भिंतीपलीकडच्या माणसांची साधी रीत ठाऊक नाही. हस लेका, हस.

पत्राला कारण तुझी बहीण हन्नाच. सकाळी तिनं कोरे कागद माझ्यापुढे ठेवले. "शास्त्रीबुवा, तार गेलीय, पण कसं झालं ते बाबांना हवंय. माझ्याच्यानं लिहवत नाही. तुम्ही लिहा. आणि तुमच्या सवयीनं गोड करू नका."

त्यांना लिहायच्या आधी तुला लिहिणं भाग आहे. का, ते तुला माहीत आहे.

आठवतं, शारजाला उतरलात तेव्हा? तू, हन्ना आणि तुमचा दोस्त मोझेस, तिघंही गुडघाभर पाण्यातून चालत, चपला हातात. माझगावची बेने इस्रायल पोरं. धर्मानं यहुदी आणि मराठी माझ्याहून चुरचुरीत. निम्मे नातेवाईक इस्रायलला गेलेले, उरलेले पेट्या बांधत होते. "जायचं की राहायचं, ते घरचे ठरवतीलच," तू म्हणालास, "त्याआधी एक वर्ष आमचं." लोक एका वर्षासाठी काश्मीर निवडतात. तुम्ही वाळू निवडलीत, आणि त्या वाळूत आमचं कंत्राटदाराचं ऑफिस!

परवान्याचे अर्ज हेडक्लार्क म्हणून मीच भरले. नाव, गाव, वय. मग आला धर्माचा रकाना. मी टाक थांबवला, तुझ्याकडे पाहिलं. तू खांदे उडवलेस. मी म्हणालो, "नागावकर आडनाव आहे, कोण विचारतंय? अरबी मुलूख आहे बाबा. हिंदू लिहितो, प्रश्न मिटला." आणि तू काय म्हणालास? "लिहा शास्त्रीबुवा. वर्षभर तुमच्यात. मुंज तेवढी करू नका!"

केवढे हसलो आपण! हन्ना हसली नव्हती. मला हे आत्ता लिहिताना आठवतंय.

तू मला अडवलं का नाहीस रे? एरवी प्रत्येक शब्दाला अडवायचास. मी आत्मा अमर म्हणालो की तू विचारायचास, "मग चहा इतक्या घाईनं का पिता?" तेव्हा मात्र सरळ 'लिहा' म्हणालास!

आणि तो शुक्रवार. सुट्टीचा दिवस, स्वस्थ पडायचं! पण वर्ष संपत आलं म्हणून हन्नाला मलिदा करायचा होता. पोहे, गूळ, खोबरं, वेलची घालून तुम्ही एलियाहू नबीला ठेवता तो. मी त्याला आमचा नैवेद्य म्हणून चिडवायचो. मुंबईची बोट लागली होती, म्हणून तू नारळ आणायला दुबईला गेलास. येताना भरतीच्या आत पोचायचं म्हणून खारट जमिनीवरून गाडी घातलीस. वरून कोरडी, खाली चिखल. हे तुला पहिल्याच महिन्यात मी सांगितलं होतं, गोदामातल्या हुसेनभाईंनी सांगितलं होतं! गाडी उलटली. पाच नारळ सापडले. एकालाही तडा नव्हता. बेनी, एकालाही नाही.

मला अजून खरं वाटत नाही. काल दाढी करताना तुझ्या खोलीच्या दिशेनं ओरडलो, "बेनी, ब्लेड आहे का?"

दवाखान्यात दुपारी दोन वाजता कारकुनानं तुझा परवाना उघडला आणि बोट फिरवलं. "हिंदू है ना? दुबई भेजो. लकडी उधर मिलेगी."

लाकडं. तुला जाळायला.

हन्ना भिंतीला टेकून उभी होती. मोझेस माझ्याकडे पाहत होता. तोंड उघडायचं ते मी, कारण तो शब्द माझा होता. आणि मी गप्प राहिलो. काय सांगू? की मी खोटं लिहिलं? की ही पोरं यहुदी आहेत, इथं, या मुलखात? नोकरी, परवाने, उरलेल्या दोघांचं काय होईल? सगळं डोक्यात फिरलं आणि जीभ हलली नाही. सभेत अर्धा तास शब्दाची व्युत्पत्ती सांगणारा मी!

शेवटी हन्नाच बोलली. जिचा आवाज शेजारच्या टेबलाला ऐकू जात नसे, ती हन्ना ओरडली, "जलाना नहीं! हम यहुदी हैं!"

कारकुनाचं बोट तिथंच थांबलं. आणि मागून हुसेनभाई पुढे झाले, आपल्या गोदामाचे सुतार, तुला गाडीतून त्यांनीच काढलं होतं. "लिख, मिट्टी," ते त्याला म्हणाले. "खलास." मग मला, हळू आवाजात, "शास्त्रीबुवा, यांना आमच्या श्रीवर्धनला शनवार तेली म्हणतात, शनवारी घाणा बंद ठेवणारे. पहिल्याच शनवारी कळलं मला. चूल पेटली नव्हती."

वर्षभर त्यांना ठाऊक होतं! आणि मी कुणापासून लपवत होतो?

सूर्य बुडायच्या आत, तुमचा शब्बाथ, शनवारचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आत, मच्छीमारांच्या वस्तीमागे तुला माती मिळाली. कबर हुसेनभाई आणि मोझेसनं खणली. तुमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात म्हणे; होता एकटा मोझेस. त्यानं माझ्या डोक्यावर रुमाल टाकला आणि त्याला येत होतं तेवढं 'शेमा' म्हटलं. मला एकही मंत्र आठवला नाही. बरंच झालं.

आज दुपारी फाइलमधून तुझ्या अर्जाची प्रत काढली. माझ्या अक्षराचं तुला कौतुक होतं ना? त्या रकान्यातला शब्द सगळ्यात सुबक आलाय.

तर ऐक. या पत्राखालचा कागद तुझ्या वडिलांचा आहे. त्यात मी लिहीन की तो शब्द माझा होता, आणि ऐन वेळी मी गप्प बसलो आणि त्यांची मुलगी बोलली. त्यांनी मला क्षमा करावी असं लिहिणार नाही, तेही गोड करणंच झालं. सोबत ती प्रत जोडीन. आणि पुढच्या महिन्यात दगड बसेल, त्यावर तुझं नाव मराठीत आणि हिब्रूत, दोन्हीत असेल. हिब्रू अक्षरं मोझेसकडून मी स्वतः शिकतोय. सत्तेचाळिसाव्या वर्षी उजवीकडून डावीकडे गिरवतोय! तू असतास तर पाटी घेऊन दिली असतीस.

यापुढे तुझ्याबद्दल कुणी काही विचारलं, तर उत्तर मी देईन. हन्नाला ओरडावं लागणार नाही.

तुझा, उशिरा तोंड उघडलेला,
शास्त्रीबुवा